राईतला पंचनामा

“व्हाणा हंयच काढ,” भामाकाकी म्हणाली. “आणि तोंडय हंयच ठेव.”

समोर गुडघाभर उंचीचा एक धोंडा होता. शेंदूर नाही, फूल नाही, नुसता शेवाळलेला धोंडा. त्याच्या अलीकडे साधी पायवाट आणि पलीकडे देवाची राई. आश्विन लागला तरी धुकं हटायचं नाव घेत नव्हतं. झाडांचे बुंधे तेवढे दिसत होते, वरचं सगळं पांढऱ्यात बुडालेलं. आंबोलीच्या अंगाच्या त्या डोंगरावर ढग एकदा येऊन बसले की चिवट पाहुण्यासारखे सहा-सहा महिने उठत नसत.

मी चपला काढल्या. मागे अकरा माणसं मुकाट्यानं वहाणा काढत होती. आमचे साहेब मात्र बुटांच्या नाड्या सोडायला दगडावर बसले होते आणि हसतमुखानं म्हणत होते, “काढायचेच ना? काढू की. आपण देवाच्या दारात आलोय.”

असं गोड बोलणारा माणूस मी नंतर नोकरीत दुसरा पाहिला नाही. शिराळकर त्यांचं नाव. तालुक्याच्या कचेरीतून ते जागेच्या पाहणीला आले होते. राईच्या पलीकडच्या कड्यावर कोणा बड्या माणसाला हॉटेल बांधायचं होतं आणि तिथवर गाडीरस्ता न्यायचा तर तो राईच्या पोटातून जाणार होता. सरकारी कागदावर राई नव्हतीच, ती ‘पडीक जमीन’ होती. गावाची हरकत नाही असा पंचनामा झाला की झाडं तोडायचा हुकूम निघायला वेळ लागणार नव्हता. एक जरी हरकत नोंदली गेली, तरी प्रकरण वर सुनावणीला जायचं आणि तिथं अशी प्रकरणं वर्षानुवर्षं रखडतात हे हॉटेलवाल्यालाही ठाऊक होतं.

मी तिथली तलाठी. चोवीस वर्षांची, कराडकडची, गावात येऊन चौदा महिने झालेली. नोकरी अजून कायम व्हायची होती आणि माझ्या कामाचा शेरा शिराळकर साहेबच लिहिणार होते.

सकाळी गावच्या पारावर गावकार धाकूनाना अर्ज घेऊन उभे होते. गावात देवकार्याचा मान त्यांच्या घराण्याचा. सत्तरी ओलांडलेला ताठ माणूस, पण साहेबांसमोर त्यांनी कागद दोन्ही हातांनी पुढे धरला.

“सायबानू, आमका हरकत घेवची आसा. ह्यो अर्ज.”

साहेबांनी अर्ज हातात घेतलाच नाही. “अहो नाना, अर्ज कशाला? मी प्रत्यक्ष आलोय ना! आधी जागा बघू. मी स्वतः प्रत्येकाला विचारतो, तुम्ही बोला, या बाई लिहून घेतील. माणसाच्या तोंडच्या शब्दापुढे अर्जाची काय किंमत?”

नाना विरघळले. इतक्या मानानं कोणी अधिकारी त्यांच्याशी बोलला नसावा. त्यांनी अर्जाची घडी घालून खिशात ठेवली आणि सगळ्यांना म्हणाले, “चला, आदी राय दाखवया, मगे बोलूया.” गोगलगाय आणि पोटात पाय म्हणतात तो प्रकार मी तेव्हा डोळ्यांदेखत पाहिला, पण पाय मात्र मला दिसले नाहीत.

धोंड्यापाशी भामाकाकीनं मला थोडं बाजूला घेतलं. सत्यभामा गावडे तिचं नाव, पण गावाला ती भामाकाकी. राईची राखण तिच्या सासरकडे होती. नवरा गेल्यापासून सव्वीस वर्षं दर सोमवारी ती एकटी तेलाची बाटली घेऊन आत जायची, देवापुढे दिवा लावायची आणि परत यायची. तिला मूलबाळ नव्हतं. गावात कोणाच्या लग्नात ती फार मिसळायची नाही, पण राईतल्या झाडाला मुंग्या लागल्या तर चार दिवस तिचं जेवणात लक्ष नसायचं.

“एकदा हो धोंडो ओलांडलो की बोलाचां नाय,” ती मला सांगू लागली. “पलीकडच्या धोंड्यापर्यंत एक शब्द नाय.”

“आणि कोणी बोललं तर?”

“जो बोललो तेची राय तुटली. परत आत पाय घालूचो नाय, मरासर. माजो चुलतसासरो पायाकडे फुरसां बघून आराडलो. एकच शब्द. मगे अठरा वर्सां जगलो, पण धोंड्याच्या अल्याडच.”

“मला पण लागतो हा नेम?”

“तू भायली. भायल्यांका लागना नाय.” तिनं माझ्या खांद्यावरचा पदर नीट केला. “तरी गप ऱ्हव. बरां दिसता.”

आम्ही आत शिरलो आणि खरं सांगते, मी तशी वाट पुन्हा कधी चालले नाही. पायाखाली भिजलेली पानं होती, गार आणि मऊ. बुंध्यांवर बोटभर जाड शेवाळ, त्यात नेची, आणि फांद्यांवर पांढऱ्या फुलांचे घोस असलेली बांडगुळासारखी झाडं, ज्यांना काकी नुसतं ‘देवाची फुलां’ म्हणायची. पाऊस नव्हता तरी पानापानातून थेंब पडत होते, कारण ढगच झाडांना अडकून गळत होते. कुठंतरी एक पक्षी अगदी माणसासारखी शीळ घालत होता, मधेच थांबत होता, पुन्हा आठवल्यासारखं करून घालत होता. माझ्या घोट्याला जळू लागली तेव्हा काकीनं वाकून कमरेच्या पुरचुंडीतलं मीठ तिच्यावर टाकलं, माझ्याकडे पाहून हसली, आणि तिच्या ओठातून आवाज म्हणून आला नाही. तेरा-चौदा माणसं चालत होती आणि ऐकू येत होते ते फक्त थेंब.

हल्ली त्या वाटेवर पुण्या-मुंबईची मंडळी शनिवार-रविवारी चालायला येतात. राई आजही उभी आहे, हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही जीव मुठीत धरून बसायला नको. धोंड्याशेजारी आता कोणीतरी ‘शांतता राखा’ अशी सुबक पाटी लावली आहे. ती पाहिली की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. कुठल्या शांततेबद्दल बोलताय तुम्ही? त्या दिवशी तिथं जी शांतता होती ती मी पाहिली आहे, आणि तिचा एका माणसानं काय उपयोग केला तेही.

राईच्या मधोमध थोडी मोकळी जागा आहे. तिथं देव म्हणजे तीन दगड. काकीनं बाटलीतलं तेल पणतीत घातलं, दिवा लावला, सगळ्यांनी हात जोडले. मग नाना पुढच्या वाटेकडे वळले तसे साहेब मोठ्यानं म्हणाले, “थांबा.”

तो शब्द राईत असा आदळला की दोन माणसं दचकून मागे सरली. म्हातारे नाना तर कानावर हात ठेवायला निघाले होते.

“पंचनामा इथंच करू,” साहेब म्हणाले. “जागेचा पंचनामा जागेवरच व्हायला हवा, तसा नियम आहे. बाई, कागद काढा.”

मी कागद काढला. भामाकाकीनं हातानं पलीकडची दिशा दाखवली. बाहेर, असं ती सांगत होती. पलीकडचा धोंडा तिथून दोनशे पावलांवर असेल.

“नाही हो काकी, बाहेर नाही चालणार.” साहेबांचा स्वर मधात बुडवून काढल्यासारखा. “तर मंडळी, या जागेतून कड्यापर्यंत रस्ता व्हायचा आहे. त्यासाठी इथली झाडं काढावी लागतील. गावापैकी कोणाची काही हरकत आहे का? पहिल्यांदा विचारतो.”

अकरा माणसं उभी होती. कोणी बोललं नाही.

नानांनी जोरजोरात मान हलवली. खिशातला अर्ज काढून पुढे धरला. साहेबांनी तो पाहून न पाहिल्यासारखं केलं. दुसऱ्या एकानं दोन्ही हात आडवे हलवून ‘नाही, नाही’ केलं. एक तरुण बाप्या देवाच्या दगडापुढे आडवा पडला आणि तिथूनच साहेबांना हात जोडू लागला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय ते मी अक्षरशः पाहत होते.

“हातवारे मला पंचनाम्यात लिहिता येत नाहीत,” साहेब म्हणाले. “आणि अर्ज घ्यायची ही जागा नाही, तो कचेरीत द्यायचा. ज्याची हरकत असेल त्यानं तोंडानं सांगायचं. सोपं आहे. दुसऱ्यांदा विचारतो, कोणाची हरकत आहे का?”

आणि हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहून किंचित डोळे मिचकावले.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आदल्या दिवशी दुपारी कचेरीत त्यांनी मला चहा पाजला होता. “तुम्ही गावात चांगल्या रुळलात म्हणे,” म्हणाले होते, “सांगा की काही, या लोकांच्या चालीरीती.” आणि मी, शहाणी, हरखून सगळं सांगितलं होतं. देव कुठला, राखण कोणाची, आणि राईत कोणी शब्द बोलत नाही. “अगदी म्हणजे अगदी नाही?” त्यांनी विचारलं होतं. मी म्हटलं होतं, “मेले तरी नाही, साहेब.” त्यांनी कौतुकानं मान डोलवली होती, “वा, सुंदर प्रथा आहे.” आणि मला बिस्किटांची बशी पुढे केली होती.

म्हणजे चूक कोणाची झालेलीच नव्हती. अज्ञान नव्हतं, गैरसमज नव्हता. त्या माणसानं गावाची श्रद्धा घेतली, तिचं कुलूप केलं आणि गावाच्याच तोंडाला लावलं. किल्ली मी दिली होती. मला इतका संताप आला की हातातलं पेन कागदात रुतलं. एक वाक्य पुरे होतं. ‘साहेब, इथं हे लोक बोलू शकत नाहीत, हे तुम्हाला माहीत आहे.’ एवढंच. मला नेम लागत नव्हता. माझ्या तोंडात कोणाचा देव आडवा येत नव्हता.

भामाकाकी माझ्याकडे पाहत होती. नुसती पाहत नव्हती, वाट पाहत होती. तिनं हनुवटी किंचित वर उचलली, आपण पोराला ‘बोल की’ म्हणतो ना, तशी.

मी खाली पाहिलं. कागदाकडे. मला माझा शेरा दिसत होता, कराडच्या घरी माझ्या पगाराकडे डोळे लावून बसलेले आईवडील दिसत होते, आणि सगळ्यात लाज वाटते ते सांगते, मला वाटलं, बघू, कोणीतरी बोलेल.

“लिहा बाई,” साहेब सांगू लागले. “उपस्थितांस स्पष्ट शब्दांत विचारणा केली असता, कोणाचीही हरकत आढळून आली नाही.”

मी लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे. त्या दिवशीही ते चांगलंच आलं.

“आणि आता नियमाप्रमाणे तिसऱ्यांदा—”

“माजी हरकत आसा.”

आवाज मोठा नव्हता. पण देवापुढच्या त्या जागेत आजवर गावचं माणूस बोललंच नव्हतं, त्यामुळे तो कुठून आला हे समजायला सगळ्यांना क्षणभर वेळ लागला. भामाकाकी दिव्याशेजारी उभी होती. तिचे दोन्ही हात पोटाशी घट्ट धरलेले होते.

“माजी हरकत आसा,” ती पुन्हा म्हणाली. “ह्या रायीतलां एक पान तोडूक मी देवचंय नाय. लिव बाय. सत्यभामा शिवराम गावडे.”

धाकूनाना तिथंच मटकन खाली बसले. कोणीतरी हुंदका दिला आणि लगेच तोंडात पंचा कोंबला.

साहेबांचा चेहरा पहिल्यांदाच उतरला. “काकी, नीट विचार करा. घाईत बोललात तुम्ही. बाई, जरा थांबा, लिहू नका.”

मी लिहिलं. आधीची ओळ खोडली, बाजूला सही केली आणि खाली तिचं म्हणणं तिच्याच शब्दांत उतरवलं. यात माझं शौर्य काही नव्हतं. अकरा माणसांनी ऐकलं होतं, आता न लिहून भागणारच नव्हतं. काकीनं कागदावर हळूहळू जोडून सही केली, तेलाची बाटली देवाच्या दगडापाशी ठेवली, आणि कोणाची वाट न पाहता आलो त्या वाटेनं निघाली. मागे वळून तिनं एकदाच पाहिलं, दिवा नीट लागलाय ना तेवढं.

धोंडा ओलांडल्याबरोबर अकराही माणसं एकदम बोलायला लागली. आमची हरकत आसा, माजी आसा, माजी पण लिवा. धरणाचं दार उघडल्यासारखा तो लोंढा साहेबांवर आला आणि साहेब बुटांच्या नाड्या बांधत म्हणाले, “पंचनामा बंद झालाय आता. एकीची नोंदली गेलीय, तेवढी पुरे आहे तुम्हाला.” मग उठून त्यांनी धुक्याकडे पाहिलं आणि छाती भरून श्वास घेतला. “काही म्हणा, जागा फार प्रसन्न आहे. काय शांत वाटतं!”

जीपपर्यंत ते एकटेच गेले. मी गेले नाही. एवढंच माझं बंड.

मला वाटलं होतं, आता गाव भामाकाकीला डोक्यावर घेईल. ती धोंड्यापासून पाच-सहा पावलांवर, वाटेच्या कडेला बसली होती. नाना तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. त्यांच्या हातात तेलाची बाटली होती, ती त्यांनी आतून उचलून आणली होती. त्यांनी ती काकीला दिली नाही. शेजारी उभ्या असलेल्या तिच्या जावेच्या हातात दिली.

“येत्या सोमवारपासून तू,” ते जावेला म्हणाले.

मी भडकले. इतका वेळ जे तोंड मिटून बसले होते ते नको तिथं उघडलं. “नाना, लाज वाटत नाही तुम्हाला? तुमच्या सगळ्यांसाठी बोलली ती! ती बोलली नसती तर सोमवारी दिवा लावायला राई तरी उरली असती का?”

“नाय उरली असती,” नाना म्हणाले.

“मग?”

“बाय, नेम तो नेम. आज हिका सोडलां तर उद्या सगळेच बोलतले. कोणी फांदी मागतलो, कोणी लाकूड मागतलो. गप ऱ्हवलो म्हणान तर इतकी वर्सां राय ऱ्हवली.”

“मग कौल लावा! देवाला विचारा! देव काय इतका कोडगा आहे?”

“कौल लावन बोललेलो शब्द परत घेवक येता?” त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते पुसतही नव्हते. “तिका म्हायत होतां. म्हायत असान बोलली ती. आता आमी नेम मोडलो तर तिचां बोलणां फुकट जाता.”

मला ते पटलं नाही. आज मी साठीला टेकले, आजही पटत नाही. शिराळकरांचा मला राग आला तो सरळ होता, लबाड माणसाचा येतो तसा. पण नाना लबाड नव्हते, ते रडत होते, आणि तरी त्यांनी बाटली दुसरीच्या हातात दिली. हा राग कुठं ठेवायचा ते मला कधी कळलं नाही. माणसं हळूहळू उतरणीला लागली. जाव बाटली पदराखाली धरून गेली. भामाकाकी तशीच बसून होती, राईकडे तोंड करून, आणि समोर धुक्याशिवाय काही नव्हतं.

मी तिच्या शेजारी बसले. जे मनात होतं तेच तोंडून आलं.

“काकी, मी बोलायला हवं होतं.”

मला काय हवं होतं ते मला नक्की माहीत होतं. तिनं म्हणावं, जाऊ दे गे, तू पोर, तू परकी, तुझा काय दोष. बायका असं म्हणतात. माझ्या आईनं म्हटलं असतं.

“व्हय,” भामाकाकी म्हणाली. “तुया बोलूक होया होतां.”

“नोकरी गेली असती, काकी.”

तिनं पहिल्यांदाच राईवरची नजर काढून माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. रागानं पाहिलं असतं तर मला सोसलं असतं.

“नोकरी दुसरी गावता गे बाय,” ती म्हणाली. “माका दुसरी राय खंय गावतली?”